ऑकलंड ते सांतियागो, मागच्या बाजूनं

मोताळ्याच्या बाजाररस्त्यावर रज्जाक टेलरच्या दुकानात त्या दिवशी सहा पृथ्व्या येऊन पडल्या होत्या. धामणगाव बढ्याच्या एका शाळेत कोणी मोठे पाहुणे यायचे होते, आणि पृथ्वीगोलांवर धूळ बसू नये म्हणून त्यांना खोळी शिवून घ्याव्यात असं हेडमास्तरांच्या मनानं घेतलं होतं. आता पाहुणे काय पृथ्वीवरची धूळ बघायला येतात? पण शाळेच्या डोक्यात एकदा शिरलं की शिरलं. संघपाल सरांनी ऑटोत घालून गोल आणले, सोमवारपर्यंत पाहिजेत म्हणून बजावलं आणि ते निघून गेले. रज्जाकनं चाळीस वर्षांत नवरदेवांना, बँडवाल्यांना, कूलरला, मिक्सरला, एकदा तर गणपतीच्या उंदरालाही कपडे शिवले होते. पृथ्वीचं माप घ्यायची त्याची ही पहिलीच वेळ होती.

बाकावर चिंतामणराव बसले होते. ते रोजच बसत. भूमी अभिलेख कार्यालयातून मोजणीदार म्हणून निवृत्त होऊन त्यांना सोळा वर्षं झाली होती. चौतीस वर्षं त्यांनी जिल्हाभर दुसऱ्यांची वावरं मोजली. बांध वीतभर इकडचा तिकडं झाला तर भाऊ भावाच्या डोक्यात दगड घालतो, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं, म्हणून मोजणीत त्यांनी कधी कोणाचं ऐकलं नाही. आमदाराचं नाही, तहसीलदाराचं नाही आणि घरात बायकोचंही नाही. ती बायको, सुहासिनी, तीन वर्षांपूर्वी वारली. मुलगा चिन्मय न्यूझीलंडला, ऑकलंडमध्ये असतो. मुलगी गार्गी चिली देशात, सांतियागोला. दोघांचे शाळेचे गणवेश रज्जाकनंच शिवलेले. आई गेल्यापासून ही दोघं भावंडं एकमेकांशी एक शब्द बोललेली नव्हती. दोघं बापाशी बोलत, आणि बाप इकडचं तिकडं कळवत असे, बरंचसं गाळून आणि थोडं पदरचं घालून.

"भाऊ, आज तोंड काऊन उतरलं तुमचं?" रज्जाकनं टेप गळ्यातून काढत विचारलं.

चिंतामणरावांनी सांगून टाकलं. गार्गीच्या पोटात गाठ निघाली होती. पुढच्या शुक्रवारी तिचं ऑपरेशन होतं. नवऱ्यापासून ती चार वर्षांपूर्वीच वेगळी झालेली, तिथं रक्ताचं कोणी नाही. ऑपरेशनच्या कागदावर 'जवळची व्यक्ती' म्हणून तिनं ऑफिसातल्या एका बाईचं नाव लिहिलं होतं. चिंतामणरावांनी स्वतः जायचं म्हटलं तर छातीत दोन स्टेंट आणि पासपोर्टची मुदत संपून दोन वर्षं झालेली.

"मंग चिन्मयले पाठवा ना."

"त्याले सांगू नका म्हणे. शपथ घातली तिनं."

"पोट्टीच्या जातीनं शपथ घातली अन् तुम्ही पाळून राह्यले?"

"अन् सांगून काय फायदा?" चिंतामणराव जरा चिडलेच. "नकाशावर मोजलं मी. घरी भिंतीवर लावेल आहे. न्यूझीलंड उजव्या कोपऱ्यात, खाली. चिली डाव्या कोपऱ्यात, खाली. मधात आपण. तिथून इथवर बारा हजार किलोमीटर, इथून तिथवर सोळा हजार. अठ्ठावीस हजार झाले. दोन-तीन विमानं बदला, अडीच-तीन दिवस मोडा. तो बिचारा धावत-पळत पोहोचेल तवर ही ऑपरेशन करून घरी येईन. उगाच जिवाले घोर कशाले लावायचा त्याच्या?"

हे बोलताना त्यांना बरं वाटत होतं. गेले चार दिवस ते स्वतःला हेच सांगत होते आणि प्रत्येक वेळी थोडं थोडं बरं वाटत होतं. अठ्ठावीस हजार हा आकडाच असा की त्याच्यापुढं माणसाला काही करता येत नाही.

 रज्जाकनं एक गोल ओढून घेतला आणि पोटाच्या घेराला टेप लावला. "शहाण्णव सेंटीमीटर," त्यानं सांगितलं. त्याची सून अदीबा कोपऱ्यात काज करत बसली होती, तिनं ते वहीत लिहून घेतलं. खोळ सहा कळ्यांची करायची, खाली नेफा घालून नाडी ओढायची, असं त्याचं चाललं होतं. वरून खाली, खालून वर, तिरपं, उभं, तो गोल फिरवत होता. मध्येच थांबला.

"हे पाहा, हे न्यूझीलंड ना? गुडघ्यात मोडेल पायासारखं?"

"हाव."

"अन् चिली कुठी म्हणता?"

"ती लांबलचक पट्टी. तिकडून नको, इकडून फिरव. भारतावरून ये."

पण रज्जाकनं गोल तिकडूनच फिरवला. निळंशार पाणी आलं, पाणीच पाणी, आणि पाणी संपलं तिथं चिलीची पट्टी उभी होती. त्यानं एक टोक अंगठ्याखाली दाबलं आणि टेप पाण्यावरून सरळ नेला.

"तेवीस," तो म्हणाला. "भाऊ, हे त एक वीत अन् दोन बोटं आहे."

"तिकडून नसते तसं," चिंतामणराव म्हणाले.

"काऊन नसते?"

"नकाशात तिकडं कडा आहे."

रज्जाक हसायलाच लागला. "घ्या! अहो, सदऱ्याले मागून पाठ नसते काय? समोरून पाह्यलं त दोन बाह्या दोन टोकाले दिसतेत, म्हणून काय मधात कपडाच नाही? मोजणीदार ना हो तुम्ही?"

तो चेष्टेत बोलला, पण चिंतामणरावांना ते फार लागलं. गावाचा नकाशा दोन कागदांवर काढलेला असतो, तेव्हा एका कागदाची कड दुसऱ्या कागदाच्या कडेला जुळवावीच लागते. हे त्यांनी किती पोरांना शिकवलं होतं! शिवेला शीव लागतेच. कागद संपला म्हणून जमीन संपत नाही. आणि तेच चिंतामणराव चार दिवस भिंतीवरच्या कागदावर पट्टी ठेवून स्वतःची समजूत काढत बसले होते. त्यांनी खिशातून पेन काढलं आणि अदीबाच्या वहीत मागच्या पानावर गणित मांडलं. शहाण्णवाला पृथ्वीचा पुरा घेर, चाळीस हजार किलोमीटर, तर तेवीसला साडेनऊ हजार. दोनदा केलं, दोन्ही वेळा तेच आलं.

तोवर अदीबानं मोबाइलवर शोधलंच होतं. "अब्बा, सीधं विमान आहे," ती म्हणाली. "मधात कुठी थांबत नाही. अकरा घंटे. बुधवारी संध्याकाळी पाचले निघते अन् तिथल्या घड्याळात बुधवारीच दुपारी बाराले उतरते."

"पाचले निघून बाराले?" रज्जाकनं कपाळाला हात लावला. "या अल्ला, निघाच्या आधीच पोहोचते म्हणा ना!"

अदीबा हसली. रज्जाक हसला. चिंतामणराव उठले, चप्पल घातली आणि चहा न घेताच घरी गेले. त्यांना राग आला होता, आणि रज्जाकवर काढता येत नव्हता म्हणून तो जास्तच आला होता.

आता तो राग कशाचा, ते सांगायला पाहिजे.

तीन वर्षांपूर्वी सुहासिनीबाई वारल्या त्या एका सोमवारी पहाटे सहाला, बुलढाण्याच्या दवाखान्यात. गार्गी महिनाभर आधीपासून येऊन उशाशी बसलेली होती. चिन्मयला कळवलं. तासा-दोन तासांत त्याचा फोन आला, घाईघाईत, रडतच. "बाबा, रात्री नऊला विमान मिळालंय. मुंबईला यायला वीस तास लागतील. थांबा माझ्यासाठी." चिंतामणरावांनी तिथल्या तिथं हिशेब केला. सोमवारी रात्रीचे नऊ, त्यात वीस तास, म्हणजे मंगळवारी संध्याकाळी पाचला मुंबई. तिथून मोताळा, म्हणजे मध्यरात्र उलटणार. मंगळवार गेलाच. प्रेत दोन रात्री ठेवायचं? तिकडचे नऊ म्हणजे आपल्याकडचे दुपारचे दीडच वाजलेले असतात, हे चिंतामणरावांच्या डोक्यात आलंच नाही. एरवी ते त्यांना पाठ होतं. त्या दिवशी बायको गेली होती, काय सांगायचं! माणूस आहे, चुकतो.

गार्गी मात्र हट्टाला पेटली. दादा आल्याशिवाय आईला हलवायचं नाही. नातेवाईक कुजबुजायला लागले, बर्फाच्या लाद्या वितळायला लागल्या, आणि वाद मिटावा म्हणून चिंतामणराव एक वाक्य बोलले. "चिन्मयच म्हणाला, माझ्यासाठी थांबू नका." एवढंच. गार्गीनं हट्ट सोडला. मंगळवारी सकाळी नऊला अग्नी दिला. चिन्मय त्याच दिवशी दुपारी साडेचारला दारात उभा राहिला.

दारात उभा राहून तो बहिणीला नाही नाही ते बोलला. गुरुवारचं तुझं परतीचं तिकीट चुकलं असतं ना, म्हणून घाई केलीस, असंही बोलला. गार्गीनं त्याच्याकडं बघितलं आणि "नाटकं करू नकोस दादा" एवढंच म्हणून ती आत गेली. स्वतःच थांबू नका म्हणतो आणि वर गळे काढतो, असं तिला वाटलं. आणि या दोघांच्या मधोमध, ओसरीवर, चिंतामणराव मूग गिळून उभे होते. एका वाक्यात मिटलं असतं. ते वाक्य त्या दिवशी तोंडातून निघालं नाही, मग तेराव्याला निघालं नाही, आणि मग तीन वर्षं निघालं नाही. चूक मोजणीत झाली होती, ती कोणाकडूनही होते. पण नंतर जे केलं त्याला चूक म्हणत नाहीत, हे चिंतामणरावांना चांगलं ठाऊक होतं.

म्हणून तो अठ्ठावीस हजारांचा आकडा त्यांना गोड लागत होता. चिन्मय तिकडं गेला तर दोघं समोरासमोर बसणार. समोरासमोर बसली की पहिल्या अर्ध्या तासात आईचा विषय निघणार, आणि दुसऱ्या अर्ध्या तासात बापाचा. मुलं दूर होती, पण बापाला मानत होती. तेवढं एक त्यांच्याजवळ उरलं होतं. आणि टेपवरच्या तेवीसच्या आकड्यानं तेही आता जाऊ घातलं होतं.

त्या रात्री ते जेवले, औषधं घेतली आणि पडून राहिले. ऑफिसातली एक परकी बाई आपल्या मुलीच्या कागदावर सही करणार, हे काही त्यांच्या डोळ्यांपुढून हलेना. शुक्रवारी सकाळी नऊला त्यांनी चिन्मयला फोन लावला.

"गार्गीचं ऑपरेशन आहे पुढच्या शुक्रवारी. एकटी आहे."

 "तिनं सांगायला सांगितलं?" चिन्मयनं विचारलं.

"नाही. सांगू नका म्हणाली."

"मग मला का सांगताय?"

"अकरा तासांचा रस्ता आहे, म्हणून."

"माहितीये मला किती तासांचा आहे," चिन्मय म्हणाला. "तीन वर्षं माहितीये." आणि त्यानं फोन ठेवला. संध्याकाळी त्याचा मेसेज आला की बुधवारचं तिकीट काढलंय, न्यूझीलंडच्या पासपोर्टला तिकडचा व्हिसा लागत नाही, आणि गार्गीला आधी कळवू नका, ती येऊ देणार नाही.

बुधवारी सकाळी साडेनऊला विमान सुटलं. यावेळी चिंतामणरावांनी तिन्ही गावांच्या वेळा एका कागदावर लिहून काढल्या होत्या आणि शेजारच्या शिक्षकाकडून तपासूनही घेतल्या होत्या. इथले साडेनऊ, तिथले संध्याकाळचे पाच. उतरेल तेव्हा इथले रात्रीचे साडेआठ, गार्गीकडचे दुपारचे बारा. मध्ये अकरा तास. या अकरा तासांत मुलगा कोणाशी बोलू शकत नव्हता आणि कोणी त्याच्याशी बोलू शकत नव्हतं. तो उतरला की सगळं आपोआप बाहेर येणार होतं. आपल्या तोंडानं सांगायचं असेल तर एवढाच वेळ होता.

पण गार्गीकडं तेव्हा रात्रीचा एक वाजलेला. ती उठेपर्यंत थांबणं आलं. चिंतामणरावांनी दाढी केली, अंगण झाडलं, झाडलेलं अंगण पुन्हा झाडलं. दुपारी रज्जाक काय ठरलं ते विचारायला आला, त्याला त्यांनी दारातूनच परत पाठवलं. साडेतीनला, म्हणजे तिकडचे सकाळचे सात, त्यांनी नंबर दाबला.

"बाबा? आज मधेच फोन? तब्येत बरी आहे ना?"

"बरी आहे. दादा निघालाय तुझ्याकडं. बाराला उतरेल."

"मी नको म्हटलं होतं ना तुम्हाला!" तिचा आवाज चढला. "काय करायचंय त्याला इथं येऊन? आईच्या वेळी थांबू नका म्हणाला, आणि आता माझ्यासाठी धावतोय?"

"तो तसं म्हणाला नव्हता," चिंतामणराव म्हणाले.

"काय?"

"थांबा म्हणाला होता. रडत होता. थांबू नका हे मी म्हटलं. माझा वेळेचा हिशेब चुकला, आणि तू ऐकेनास म्हणून त्याच्या नावावर खपवलं."

चौतीस वर्षांत त्यांनी शेकडो मोजणीचे जबाब लिहिले होते. हा त्यांनी तसाच सांगितला, काही न वगळता. सांगून झाल्यावर त्यांना हलकं वाटेल असं वाटलं होतं, तसं काही झालं नाही. 

"त्या दिवशी तो मला बोलत होता," गार्गी हळू म्हणाली, "तेव्हा तुम्ही ओसरीवरच होतात."

"हो."

"ऐकत होतात."

"हो."

"त्याला सांगितलंत हे?"

"तो विमानात आहे. तू भेटशीलच, तर तूच त्याला जरा समजावून—"

"नाही बाबा." ती एकदम म्हणाली. "तुमचा निरोप मी नेणार नाही. तुमचं तुम्ही सांगा."

 तीन वर्षं दोघांचे निरोप नेले, आणि आता त्यांचा एक न्यायला कोणी तयार नव्हतं.

"कितीला उतरतो म्हणालात?" तिनं विचारलं.

"बाराला."

"मी जाते आणायला," ती म्हणाली आणि फोन बंद झाला.

साडेआठला त्यांनी चिन्मयला लावला, लागला नाही. पावणेनऊला लागला नाही. नऊला घंटी गेली.

"उतरलो बाबा. सामानाची वाट बघतोय."

"तिथंच थांब. आधी माझं ऐक." आणि त्यांनी पुन्हा तेच सगळं, त्याच क्रमानं सांगितलं.  मागून बॅगा पडल्याचे धप्प धप्प आवाज येत होते आणि एक बाई परक्या भाषेत काहीतरी पुकारत होती.

"म्हणजे गार्गीनं..." चिन्मयचा आवाज फुटला.

"गार्गी तुझ्यासाठी थांबा म्हणत होती. आईला हलवू देत नव्हती."

"मी तिला काय काय बोललो त्या दिवशी."

"हो."

"तुम्ही शेजारी उभे होता, बाबा."

चिंतामणरावांनी यावर हो म्हटलं की नाही, ते त्यांना नंतर आठवेना. चिन्मय म्हणाला, सामान आलं, आणि फोन बंद झाला. चिंतामणराव खुर्चीत बसले आणि रडले. चांगले मोठ्यानं रडले. बायको गेली तेव्हा ते असे रडले नव्हते.

शुक्रवारी उशिरा एक मेसेज आला. 'ऑपरेशन झालं. गाठ साधी आहे. गार्गी बरी आहे.' खाली नाव नव्हतं, पण पाठवला चिन्मयनंच होता. शनिवार कोरडा गेला. रज्जाक येऊन बसला, त्याला चिंतामणरावांनी पहिल्यांदाच सगळं सांगितलं. रज्जाकनं ऐकून घेतलं. त्यानं 'जाऊ द्या भाऊ' म्हटलं नाही की 'बुरं केलं' म्हटलं नाही.

"आता काय करता?" त्यानं विचारलं.

"काय करणार? त्याईचा फोन आला त बोलीन."

"अन् नाही आला त?"

 बापानं स्वतः होऊन मुलांना फोन लावायचा नाही, मुलांनी बापाला लावायचा, अशी त्यांच्या घराची रीत होती. ऑपरेशनच्या पायी ती त्यांनी आठवड्यात तीनदा मोडली होती, पण ते कामाचं होतं. आता काम काहीच नव्हतं.

रविवारी संध्याकाळी साडेसहाला, त्यांच्या कागदाप्रमाणे गार्गीकडचे सकाळचे दहा, त्यांनी नंबर लावला. घंटी वाजली, उचलला. उचलला तेव्हा पलीकडं हसणं चाललं होतं. दोघांचं. चिन्मयचं ते लहानपणचं, श्वास कोंडेपर्यंतचं हसणं, आणि गार्गी "टाके दुखतात रे, गप बैस" म्हणत स्वतःच हसत होती. हे हसणं चिंतामणरावांनी पंधरा वर्षांत ऐकलं नव्हतं.

"कोण आहे?" मागून चिन्मयनं विचारलं.

"बाबा," गार्गी म्हणाली.

हसणं थांबलं.

चिंतामणरावांनी फोन दुसऱ्या हातात घेतला. "कशी आहेस?"

"बरी आहे." ती म्हणाली. "काही काम होतं?"

"नाही. काम काही नव्हतं."

पलीकडं कपबशी ठेवल्याचा आवाज आला. कोणीतरी खुर्ची सरकवली. फोन ठेवता आला असता, तब्येतीला जप म्हणून ठेवता आला असता, आणि ती दोघं पुन्हा हसायला लागली असती.

"दादा इथंच आहे," गार्गी म्हणाली. "देऊ?"

"दे," चिंतामणराव म्हणाले.